दचकली, नाही दचकली

५ फेब्रु., बुध.

पल्लवी काल दुपारी दवाखान्यातून घरी आली. मुलगी. २ किलो ६५०. जन्म रविवार ता. २, सकाळी ११.१२. कागदावर ११.१५ आहे, पण पहिलं रडणं मी दाराबाहेर ऐकलं तेव्हा माझ्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती आणि माझं घड्याळ चुकत नाही. बोललो नाही. आनंदाच्या वेळी माणसाने वाद घालू नये, असं हिचं, पल्लवीच्या आईचं, म्हणणं.

नवीन वही काढली. रकाने: वेळ, दू., ल., शी, झोप, शेरा. दू. म्हणजे दूध, ल. म्हणजे लघवी. पल्लवी हसते. "बाबा, ती डाय नाही." म्हटलं, डायपेक्षा बारीक काम आहे.

नाव अजून नाही. सगळे बायच म्हणतात.

दुपारी शेडमध्ये मंगळसूत्राच्या वाटीच्या डायवर, पोलादी साच्यावर, पहिला हातोडा घातला तर आत बाय दचकली. मधलं दार उघडं, इथूनच दिसली. दुसऱ्या घावाला परत. दोन्ही हात फाकतात, बोटं सुटी होतात, काहीतरी पडतंय ते झेलावं तशी, मग मिटतात. ही दारात उभी राहून म्हणाली, "दोन दिवस ठोकाठोकी बंद ठेवली तर मुंबईचे सोनार काय उपाशी मरतात?"

बंद ठेवली.

६ फेब्रु., गुरु.

पाचवी. हिने पाट मांडला. हळदकुंकू, सुपारी, दिवा. कोरा कागद आणि पेन हवं, आज सटवाई येते आणि बाळाच्या कपाळीचं लिहून जाते. मी ह्यातलं काही मानतो असं नाही. मोडतही नाही. घरात कोरा कागद सापडेना, सगळी बिलांची मागची पानं. शेवटी ही वहीच उघडून पाटावर ठेवली, उजवीकडचं कोरं पान वर. पेनाशेजारी माझी सगळ्यात बारीक छिन्नी.

ही: "देवीला पोलाद कोरायला लावणार?"
मी: "लिहिलेलं पुसतं. कोरलेलं पुसत नाही."
ही: "तेच तर. राहू दे की थोडं पुसायला."

छिन्नी उचलून घेतली. वही राहिली. ही म्हणाली, ते पान आता तसंच ठेवायचं, त्याच्यावर काही लिहायचं नाही.

७ फेब्रु., शुक्र.

सकाळी पाहिलं, पान कोरंच. साहजिक आहे. त्याच्यावरच रकाने आखून घेतले, पान वाया कशाला घालवा. हिला सांगितलं नाही.

दू. ६.००, ८.३०, ११.१५, २.००. काल दर दोन तासांनी मागत होती, आज अडीच, पावणेतीन. झोप वाढली. रडणं कमी. दुपारी हिच्या हातून ताट पडलं, बाय हलली नाही.

शेरा: गुणी.

८ फेब्रु., शनि.

सातवा दिवस. सकाळी वाऱ्याने गारठा. बायचे तळपाय गार लागले, अजून एक दुपटं गुंडाळलं.

दू. ६.१० (दहा मिनिटं), ९.४० (पाच), १.३० (दोन वेळा ओढलं, सोडलं, झोपली). शेरा: पोट भरलेलं.

तीन दिवस काम अडलंय. अकराला हातोडा घेतला, हळू सुरुवात केली. बाय उठली नाही. मग नेहमीसारखा मारला. नाही. आत जाऊन सांगितलं, सवय झाली बघ, माझंच रक्त आहे. ही म्हणाली, "जरा जास्तच झोपते ना? पल्लवी अशी नव्हती." पल्लवी म्हणाली, "मी त्रास दिला म्हणून हिने पण द्यावा का." हसलो सगळे.

दुपारी सुनंदा आली. आपल्या गावची आशा कार्यकर्ती, सातव्या दिवसाची भेट. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर. म्हणाली, "दादा, उठवा तिला, अंग उघडून बघायला लागेल." म्हटलं, आत्ता डोळा लागलाय, गुणी पोर आहे, उगाच रडवू नकोस. वही तिच्यासमोर ठेवली. "हे बघ. एकूण एक लिहिलंय. तुझ्या फॉर्मपेक्षा बारीक आहे. उतरवून घे."

तिने पान पाहिलं. "दादा, वहीला ताप येत नाही."

चहा घेतला नाही. फॉर्ममधले रकाने कोरे ठेवले. "न बघता मी टिक मारत नाय. उद्या येते." रविवार आहे म्हटलं. "असू दे."

हट्टी बाई. बारावी झालीय म्हणून तोरा. मी सातवी पास, डाय करायला कोणी शिकवलं नाही, लोकांच्या डाय उलट्या करून भिंगातून बघून शिकलो, आणि आज माझी डाय

(हिने हाक मारली. पल्लवीला दूध दाटून आलंय, बाय घेत नाही.)

९ फेब्रु., रवि. दवाखाना, डहाणू

क्रमाने लिहितो.

सकाळी ७.२० ला सुनंदा. ह्या वेळी विचारलंच नाही, सरळ दुपटी सोडली. तळव्याला टिचकी मारली. एक, दोन, तीन. बायने तोंड वाकडं केलं, आवाज नाही. पोटाला हात लावून म्हणाली, पोट पण गार आहे. थर्मामीटर ३५.१. श्वास मोजायला लागली, पूर्ण एक मिनिट. मी पण माझ्या घड्याळावर मोजले. तिचे ७२, माझे ७२. साठच्या आत हवेत. बरगड्यांखाली खड्डा पडत होता प्रत्येक श्वासाला. मी तो खड्डा काल पाहिलेला नाही कारण मी दुपटं पाहत होतो.

"दादा, ही गुणी नाही. ही आजारी आहे."

ॲम्ब्युलन्स तिनेच बोलावली. पल्लवीच्या छातीशी बाय उघड्या अंगाने, वरून शाल, असं बसवलं. उपकेंद्रातल्या सिस्टरने निघायच्या आधी मांडीत एक इंजेक्शन दिलं. सुई गेली तरी बाय रडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या रडण्याची वाट पाहिली.

नवजात कक्ष. काचेच्या आत. फक्त आईला आत जाता येतं. रक्तात जंतू गेलेत असा संशय, डॉ. मॅडम म्हणाल्या. रक्त तपासणीला पाठवलंय, जंतू उगवून बघायला दोन-तीन दिवस. तोवर थांबता येत नाही, दोन अँटिबायोटिक शिरेतून सुरू. एक दर बारा तासांनी, एक चोवीस.

त्यांनी विचारलं, "सुस्त कधीपासून आहे?"

मी म्हणालो, "आज सकाळपासून."

१० फेब्रु., सोम.

बाय तशीच. ऑक्सिजन. नळीतून पल्लवीचं दूध, एका वेळी चमचाभर.

आज सकाळी घरी कपडे घ्यायला गेलो तेव्हा वही उघडली. ते पान. दू. चे आकडे वरून खाली वाचले तर लहान मूल पण सांगेल. अडीच, पावणेतीन, साडेतीन, जवळजवळ चार. पाच मिनिटं, दोन ओढ. शेरा: गुणी. शेरा: पोट भरलेलं. हातोडा: सवय झाली. सगळं माझ्या अक्षरात, एक रेघ वाकडी नाही.

ज्या पानावर हिने लिहू नको म्हटलं होतं.

काल खोटं बोललो असं बोलताना वाटलं नव्हतं. आता वाटतंय.

वही घेऊन आलो. डॉ. मॅडम घाईत होत्या, उभ्या उभ्या वाचल्या. पोरीच्या वयाच्या. म्हटलं, मॅडम, काल चुकीचं सांगितलं. शुक्रवार दुपारपासून. त्यांनी बोट ठेवून आकडे वाचले, आपल्या कागदावर काहीतरी खोडून नवीन लिहिलं. मी शिव्या खायला तयार होतो. म्हणाल्या, "लिहून ठेवलंत हे फार बरं केलंत, काका." त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

विचारलं, औषधाला गुण कधी येईल?
"अठ्ठेचाळीस तास बघू."

पल्लवीला पानाबद्दल सांगितलेलं नाही.

११ फेब्रु., मंगळ.

तळासरीहून जावई नितेश आणि विहीणबाई आले. नितेश कंपनीतून सुट्टी काढून. काचेला कपाळ टेकवून उभा राहतो. विहीणबाई मला वेवाई, म्हणजे व्याही, म्हणतात, त्यांच्याकडे अर्धं बोलणं गुजराती. आज म्हणाल्या, "वेवाई, तुमच्याकडे बाळंतपण म्हणून आम्ही निर्धास्त होतो हां. सगळ्यांना सांगितलं, पल्लवीचे वडील तर मिनिट न् मिनिट लिहितात."

टोमणा नव्हता. खरंच तसं वाटत होतं त्यांना.

९ चं इंजेक्शन ९.१५ पर्यंत दिसलं नाही. काच वाजवली. परत वाजवली. सिस्टर बाहेर आल्या. "काका, हातातली सुई निघाली, दुसरी शीर शोधतोय. तिची शीर धाग्याएवढी आहे. काच वाजवल्याने सापडते का?" माफी मागितली. ९.२५ ला दिलं. डोक्याच्या शिरेतून. तेवढे केस काढले. ते केस पल्लवीने मागून घेतले.

इंजेक्शनच्या खोक्यातला घडीचा कागद बाकावर पडला होता. भिंग खिशात असतंच. इंग्रजी मला वाचता येतं, कॅटलॉग वाचून शिकलोय. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. मूत्रपिंड. आणि कान. ह्या औषधाने ऐकू येणं कमी होऊ शकतं. तीनदा वाचलं. सिस्टर म्हणाल्या, "काका, तो कागद आमच्यासाठी असतो. डोस वजनावर मोजून देतो. नाही दिलं तर काय होईल ते त्या कागदावर लिहिलेलं नाही."

बरोबर आहे. तरी घडी करून खिशात ठेवला.

१२ फेब्रु., बुध.

रिपोर्ट आला. रक्तात जंतू आहेत. आणि चालू असलेल्या दोन्ही औषधांना ते दाद देत नाहीत.

तीन दिवस जात होतं ते आत जाऊन काहीच करत नव्हतं. डॉ. मॅडमनी नीट समजावलं. जंतू कोणता ते कळल्याशिवाय नेमकं औषध निवडता येत नाही, आणि कळेपर्यंत बसून राहता येत नाही, म्हणून बहुतेक बाळांना जे लागू पडतं ते आधी देतात. हिच्या जंतूला पडलं नाही. आता बदललं. दोन्ही बदलली. पाठीच्या मणक्यातलं पाणीही काढलं होतं, ते स्वच्छ आहे, मेंदूपर्यंत गेलेलं नाही.

किती दिवस? "पंधरा दिवस धरा," सिस्टर म्हणाल्या.
पंधरा की चौदा?
"चौदा हो काका. पंधरा ही बोलायची पद्धत."

आज पहिला. ता. २५ ला चौदावा.

विचारलं, नवीन औषध कानाला? डॉ. मॅडम म्हणाल्या, "दोनातलं एक, त्याच जातीचं आहे. लक्ष ठेवू. नंतर कान तपासू. आधी ती जगू दे."

आधी ती जगू दे. कोणी एवढं सरळ बोललेलं नव्हतं.

१३ फेब्रु., गुरु.

बारावा दिवस. घरी असती तर आज बारसं. पाळण्यावरच्या पट्टीवर "पल्लवीची मुलगी".

सकाळी १०.४० ला यंत्र वाजलं. दोन सिस्टर धावल्या. श्वास थांबला होता. तळवा चोळला, फुग्यासारखी पिशवी तोंडावर धरून दाबली. मी मोजायला लागलो. काही थांबलं की मी मोजतो, दुसरं काही येत नाही. अकरापर्यंत मोजलं आणि आकडे विसरलो. अकरानंतर काय येतं ते मला आठवेना.

परत सुरू झाला.

पल्लवी आत होती, तिने सगळं जवळून पाहिलं. बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. "किती वेळ होता, बाबा?" म्हटलं, माहीत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नाही असं मी तिला कधी म्हटलेलं नाही.

१४ फेब्रु., शुक्र.

काही नाही. तशीच. ल. चार वेळा, पल्लवी सांगते. मूत्रपिंड चालू.

१५ फेब्रु., शनि.

दुपारी १.०५ ला सुई बदलताना रडली. काचेतून आवाज येत नाही. तोंड उघडं, जीभ थरथरते, कपाळ लाल. विहीणबाईंनी माझा दंड धरला. "रडते हां वेवाई, रडते."

पल्लवी बाहेर येऊन म्हणाली, बारीक आहे आवाज, मांजरासारखा. पण आहे.

गुण येतोय म्हणायचा. हा शब्द लिहिताना हात थांबतो आता.

१८ फेब्रु., मंगळ.

ऑक्सिजन काढला. सातवा दिवस औषधाचा. अर्धं झालं. अर्धं झालं की लोक सैल होतात, मी नाही. काल नितेशने विचारलं, बरी दिसतेय तर सोडत नाहीत का? म्हटलं, जंतूला दिसण्याशी काही देणंघेणं नाही. पूर्ण चौदा.

सुनंदा भेटायला आली, डहाणूला मीटिंग होती म्हणे. डब्यात तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी. बाकावर बसून खाल्लं. म्हटलं, शनिवारी तुला परत पाठवलं मी.
"पाठवलं कुठे, मी आलेच की."
पंधरा तास तरी वाचले असते, सुनंदा.
तिने डबा धुवायला घेतला. "दादा, आता ते कोरत बसू नका."

२१ फेब्रु., शुक्र.

आजपासून अंगावर पिते. पल्लवी घाम पुसते आणि हसते. वजन २ किलो ५८०. जन्मापेक्षा ७० कमी, तरी चढतंय.

२५ फेब्रु., मंगळ.

चौदावा. शेवटचं इंजेक्शन सकाळी ९.००. बरोबर ९.००. सिस्टरने आतून मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि हसल्या.

परत रक्त तपासलं होतं, जंतू उगवले नाहीत. उद्या सोडणार. कान: सोमवार ता. ३ मार्च, पालघरला, तिथे मशीन आहे. तोवर कागदात कानापुढे रिकामी चौकट.

२७ फेब्रु., गुरु. नरपड

घरी. रडते, पिते, ओली करते, परत रडते. ही म्हणते, आता पल्लवीसारखी झाली. मला रात्रभर रडली तरी चालेल. गप्प झाली की मी उठून छातीवर हात ठेवतो. पल्लवीने काल हात झटकला. "बाबा, झोपू द्या तिला. आणि मला पण."

हातोडा अजून बंद.

२८ फेब्रु., शुक्र.

सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या. बाय जागी होती, वर पत्र्याकडे बघत. हलली नाही.

शेजारचा कुत्रा भुंकला, मान वळवली. पण त्याच वेळी पल्लवी त्या बाजूने आली. दुधाच्या वासाने पण वळते.

दोन्ही लिहून ठेवतो. एकच लिहिलं तर परत तेच.

हिने विचारलं, "परत वही?" म्हटलं, हो. फरक एवढाच की शेऱ्याचा रकाना काढून टाकलाय.

१ मार्च, शनि.

तिच्या मागे उभा राहून एकदा टाळी वाजवायला हात वर केले. खाली घेतले. पाचव्या तारखेला पहिल्या घावाला सबंध अंग उडालं होतं, बोटं सुटली होती. तसं झालं तर झालं. नाही झालं तर ते मला आजच कळेल, आणि सोमवारपर्यंत मी काय करणार? आणि टाळीने कळतं का? झोपेत असेल, वाऱ्याने हलेल. भिंगाशिवाय डाय बघण्यासारखं आहे.

मुंबईच्या सोनाराचा फोन. वाट्यांची डाय अडलीय. म्हटलं, घरात लहान बाळ आहे, हातोडा चालत नाही. खोटं नव्हतं.

२ मार्च, रवि.

बाय आज चार आठवड्यांची.

पल्लवीने वही वाचली. मी समुद्रावर गेलो होतो, परत आलो तर ओट्यावर बसली होती, मांडीवर बाय, बाजूला वही, सात-आठ तारखेचं पान उघडं. मी उभाच. म्हटलं, तुला सांगणार होतो.

"हे पाचवीचं पान ना? आईने कोरं ठेवायला सांगितलेलं."
हो.
तिने वही जवळ ओढली. मग म्हणाली, "दोन ओढ घेऊन सोडलं, हे कोणी सांगितलं तुम्हाला? मीच सांगितलं. मी पण त्या पानावर आहे, बाबा."

मी तिच्याशेजारी बसलो.

मग म्हणाली, "तुम्ही हातोडा का घेत नाही ते मला कळतं. मी पण परवा मुद्दाम वाटी आपटली."
मग?
"तेव्हा ती शिंकली. काही कळलं नाही." दोघं हसलो, थोडं. "तुम्ही मारा. मी घेऊन उभी राहते. जागी आहे, पोट भरलेलं आहे, वारा नाही."

म्हटलं, हातोड्याने कान तपासत नाहीत. उद्या मशीन आहे. दचकली तरी जायचं, नाही दचकली तरी जायचं.

"जायचंच आहे. पण मला उद्या तिथे अनोळखी माणसासमोर पहिल्यांदा नाही कळून घ्यायचं."

म्हणून, आता ४.३५. चहा झाला की. वाटीचीच डाय लावलीय, पहिल्या दिवसाची. हातोडा तोच, अंतर तेच, दार उघडं. पल्लवी दारात तिला आडवी धरून उभी राहील, तोंड बाहेर, म्हणजे मी दिसणार नाही. तीन घाव, मध्ये शांत दहा मोजायचे. बघायचं काम हिचं, आजीचं. माझं नाही, मी मला हवं ते बघतो.

घाव घालायच्या आधी हे लिहून ठेवतोय, म्हणजे नंतर फिरवता येणार नाही.

घाव १: दचकली / नाही दचकली
घाव २: दचकली / नाही दचकली
घाव ३: दचकली / नाही दचकली

खूण ही करेल. पेन तिच्याकडे देतोय. चहा झाला.